बेटामागचे पंचेचाळीस सेकंद

"आले का बाहेर?" राणेसाहेबांनी विचारलं.

"अजून नाही."

माझी दुर्बीण बेटाच्या टोकावर होती आणि अंगठा घड्याळाच्या बटणावर. बोरसईच्या धक्क्यावरून नदी एक किलोमीटरपर्यंत सरळ दिसते. मग मध्ये कांदळवनाचं बेट येतं. आठही होड्या त्या बेटामागे जात, तिथल्या तरंगत्या बोयाला वळसा घालून दुसऱ्या टोकाने बाहेर येत. तेवढा वेळ धक्क्यावरून फक्त झाडांच्या शेंड्यांवर सरकणारी शिडांची टोकं दिसत, आणि नंतर तीही नाही.

"आलं! पहिलं कोण?"

"सुयोग," मी म्हणाले. "मग खेडेकर सर. हरूकाका तिसरे."

 हरूकाका, म्हणजे हरेश्वर डोर्लेकर, बेटामागे गेले तेव्हा दोन होड्यांच्या अंतराने पहिले होते. मी वहीत त्यांचा बेटामागचा आकडा लिहिला: तीन मिनिटं एकोणीस सेकंद.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. फिजिक्समध्ये बीएस्सी झाले होते आणि एमएस्सीच्या प्रवेशाची वाट बघत घरी बसले होते. आमचा शीड क्लब राणेसाहेबांनी नौदलातून निवृत्त झाल्यावर काढला होता. प्लायवूडच्या आठ सारख्या होड्या गावकऱ्यांनीच मिळून बांधलेल्या. कुणाचीच स्वतःची नाही, दर रविवारी चिठ्ठी टाकून मिळेल ती घ्यायची. मला शीड हाकता येत नव्हतं, पण घड्याळ अचूक लावता येत होतं, म्हणून वेळ नोंदवायचं काम माझ्याकडे आलं. नुसती पहिली-शेवटची वेळ नोंदवून माझं समाधान होईना. मी प्रत्येक होडी बेटामागे किती वेळ असते तेही लिहायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. आकडा मिळतोय तर तो सोडवत नाही, इतकंच.

होड्या धक्क्याला लागल्या तसे खेडेकर सर तरातरा चालत आमच्याकडे आले. ते हायस्कुलात पी.टी. शिकवत. ओल्या चपलांचा पचपच आवाज करत ते थांबले.

"साहेब, आता तरी बोला. पाच शर्यती झाल्या. पाचही वेळा हरूदादा बेटामागे पहिला जातो आणि पुतण्या बाहेर पहिला येतो. आम्ही काय डोळे मिटून होडी हाकतो?"

"तुम्ही होता ना तिथे? काय दिसलं?"

"मी मागे असतो. वळेपर्यंत पुतण्या पुढे गेलेला असतो, आणि दादा शीड सैल सोडून माझ्या वाटेत रेंगाळत असतो. पण जानेवारीच्या स्पर्धेला दोनच जागा आहेत. काका मोठा खेळाडू, त्याची जागा कशीही पक्की. दुसरी पुतण्याला द्यायची, म्हणून मला मागे ठेवायचं. सरळ हिशेब आहे."

"हरू असं करणार नाही."

"मग हिला विचारा. हिच्या वहीत सगळं आहे."

मी वही मिटली. पण सरांनी म्हटलेलं खरं होतं, माझ्या वहीत सगळं होतं.

संध्याकाळी राणेसाहेबांच्या ओटीवर मी ती उघडली. गेल्या वर्षी हरूकाका बेटामागे सरासरी दोन मिनिटं पस्तीस सेकंद असायचे. सगळ्यांत कमी. या वर्षी तीन-वीस, तीन-अठरा, तीन-एकवीस, तीन-वीस, तीन-एकोणीस.

"म्हातारा होतोय," राणेसाहेब म्हणाले.

"मग बाकीच्या टप्प्यांत पण वेळ वाढला असता. तिथे एक सेकंदही वाढलेला नाही. आणि बघा ना, वारा रोज वेगळा, ओहोटी वेगळी, चिठ्ठीत होडी वेगळी. तरी उशीर दर वेळी तेवढाच, पंचेचाळीस सेकंद. चूक असती तर कमीजास्त झाली असती. ठरवून केलेली गोष्टच इतकी सारखी येते."

राणेसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुझं मत झालंय."

"मत नाही. बघायला हवं."

ते समोरच्या पोफळीकडे वळले. मग म्हणाले, "शर्यत मुद्दाम हरणाऱ्याचं नाव कायमचं काढायचं, हा नियम मीच केलाय. हरूने या क्लबातल्या निम्म्या लोकांना शीड धरायला शिकवलं. गावची तर, माणसं पलीकडे नेणारी होडी, तोच चालवतो. अख्खं गाव त्याच्या भरवशावर पलीकडे जातं. रविवारी शेवटची शर्यत. नंतर सभेत खेडेकर विषय काढणारच, आणि तू जे सांगशील त्यावर ठरेल. कळतंय ना?"

"कळतंय."

त्या आठवड्यात मी तरीने तीनदा पलीकडे गेले. काम एकदाच होतं. हरूकाका मागे सुकाण्यावर उभे असत, आणि सुयोग त्यांच्या डाव्या अंगाला, अगदी खेटून. सुयोग सव्वीस वर्षांचा. एवढा मोठा बाप्या मच्छीमारी सोडून रोज काकाच्या कुशीत कशाला उभा राहतो, हे मला नवल वाटायला लागलं. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत असायचे. मी जवळ सरकले की गप्प.

बुधवारी मी चढताना त्यांना हात केला. ते डाव्या बाजूने तीन हातांवर होते. त्यांनी बघितलंच नाही. दुसरा कुणी असता तर मी मनावर घेतलं नसतं. पण हा माणूस लांबून हाक मारून चौकशी करणारा. माझ्या वहीबद्दल त्यांना कळलेलं दिसतंय, मी मनात म्हटलं. तोंड चुकवतायत.

गुरुवारी सुयोगनेच मला गाठलं. तरीतून उतरताना म्हणाला, "काय गो, हल्ली रोज पलीकडे? लग्न ठरलं की काय?"

"काम असतं."

"काम? काकाकडे टक लावून बघायचं काम?" तो हसला, पण डोळे हसत नव्हते. "तुझी वही जरा बाजूला ठेव, शलाका. सगळंच लिहायचं नसतं."

या वाक्याने माझी खात्री झाली.

रविवारी सकाळी राणेसाहेब बोया टाकायला मोटारीच्या होडीने निघाले तेव्हा मला घेऊन गेले. मला ताप आल्याचं सगळ्यांना सांगितलं होतं, घड्याळ राणेकाकूंच्या हातात दिलं होतं. बोया म्हणजे नारिंगी रंगवलेलं प्लास्टिकचं पिंप, खाली दोरीला दगड. ते त्यांनी बेटापासून पंधरा-वीस हातांवर टाकलं आणि मला चिखलात उतरवलं. मी कांदळाच्या मुळांमध्ये गुडघाभर रुतून बसले. डास होते. खेकडे पायावरून जात होते. दोन तास मी तशीच होते.

आमच्या शर्यतींचा एक नियम इथे सांगायला हवा. बोया डाव्या हाताला ठेवून वळायचं आणि त्याला होडी लावायची नाही. लागली, तर तिथेच एक पूर्ण चक्कर घ्यायची आणि मग पुढे जायचं. शिक्षा करायला पंच नसतो. ज्याची लागली त्यानेच घ्यायची. धक्क्यासमोरच्या बोयाला कुणाची होडी घासली तर काठावरची पोरं "लागला, लागला!" म्हणून ओरडतात. कारण हलकं घासलं तर होडीत बसलेल्याला कळतही नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं, आणि वळताना मान शिडाकडे ठेवावी लागते, म्हणून तेही डोळ्याच्या कोपऱ्यातूनच. बेटामागे ओरडायला कुणी नसतं.

पहिलं शीड आलं. हरूकाका. पाणी कापत ते सुरेख वळले. बोया आणि होडी यांच्यात किमान चार फूट अंतर होतं. मी दुर्बिणीतून नीट बघितलं, कुठेही लागलं नाही. बोयावरचा पाणकावळासुद्धा हलला नाही.

आणि मग त्यांनी शीड सैल सोडलं, सुकाणू दाबलं आणि होडी गोल फिरवली. पूर्ण चक्कर. प्रवाहात ती चक्कर मोठी पडते. मी मनात मोजत होते. 

मला क्षणभर त्यांच्या हुशारीचं कौतुक वाटलं. कुणी विचारलंच, तर बोया लागला होता, म्हणून शिक्षा घेतली, असं सांगायला मोकळे! हरायचं, आणि वर प्रामाणिक म्हणवून घ्यायचं.

तेवढ्यात सुयोगची होडी आली. तो वळला तेव्हा काका अजून चकरेतच होते. आणि काकांनी हाक मारली. पाण्यावरून आवाज स्पष्ट येतो.

"सुयोग! लागला काय रे?"

"नाय लागला, काका! चांगला लांब होता!"

"तू बघितलास?"

"बघितला ना! चक्कर कशाला घेता दर वेळी?"

"तू मागे होतास, तुला काय दिसणार? आणि मीच कसा म्हणू नाय लागला?"

"अहो, पण..."

"तू जा पुढे. थांबू नको."

सुयोग पुढे गेला. जाताना त्याने मान फिरवली होती. मग खेडेकर सर आले, वळले, गेले. हरूकाकांनी शीड ओढलं आणि तेही निघाले. माझी मोजणी चव्वेचाळीसवर थांबली.

मी चिखलात बसून राहिले. बोया नारिंगी होता, पिंपाएवढा मोठा. त्यांच्या डाव्या हाताला, पोहोचेल इतक्या अंतरावर. उन्हं लख्ख होती. अशा वेळी लागला की नाही हे दुसऱ्याला विचारायची गरज कुणाला पडेल?

मग बुधवारचा माझा उचललेला हात आठवला. आणि तरीत डाव्या अंगाला खेटून उभा असलेला सुयोग.

राणेसाहेब बोया काढायला आले तेव्हा त्यांनी भुवया उंचावून विचारलं. मी म्हटलं, "सभेत सांगते. मला आधी एक गोष्ट करून बघायची आहे."

धक्क्यावर माणसं चहा घेत होती. मी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. हरूकाका समोरच बाकावर बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मोठ्याने म्हणाले, "काय गो, ताप पायांतून उतरला काय?"

सगळे हसले. समोरचं त्यांना व्यवस्थित दिसत होतं. माझ्या पोटऱ्यांवरचा चिखलसुद्धा. मी परत गोंधळले.

राणेकाकूंकडून मी चहाचा एक पेला घेतला आणि वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला गेले. ते कुणाशी तरी बोलत होते. मी पेला त्यांच्या कानाच्या रेषेत, हातभर अंतरावर धरला. काही नाही. हळूहळू पुढे आणत गेले. गालाच्या रेषेत आला, तरी काही नाही. वाफ त्यांच्याकडे जात होती. पेला जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ते दचकले आणि चहा सांडला.

"अगो, भूत कसली येतेस! आवाज तरी दे."

मी अंदाज केला. पंधरा अंश, फार तर. त्याच्या पलीकडे, डावीकडे, या माणसाला काहीही दिसत नव्हतं.

सुयोग समोरून माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं मी काय केलं ते. त्याने अगदी थोडी मान हलवली. नको, अशी.

सभा तिथेच, क्लबच्या पडवीत भरली. खेडेकर सरांनी विषय काढला. राणेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "शलाका बेटावर होती. मीच सोडलं होतं तिला. काय पाहिलंस ते सांग."

"हरूकाका पहिले आले. बोया लागला नाही, चार फूट अंतर होतं. तरी त्यांनी चक्कर घेतली. पंचेचाळीस सेकंद त्यातच जातात. पाचही शर्यतींत तेच झालं असणार."

 खेडेकर सरांचा चेहरा उतरला. "लागला नसताना चक्कर?"

"मला वाटलं लागला," हरूकाका खाली बघत म्हणाले.

"सहा वेळा?"

"शंका येते हो. नंतर जेवण जात नाय. त्यापेक्षा एक फेरी मारलेली बरी."

खेडेकर सर उठले. तसे ते तापट, पण मनाने कोते नव्हते. त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "दादा, मी तुमच्याबद्दल काय काय बोललो. माफ करा." कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. राणेसाहेब उठले. ते म्हणाले, जानेवारीला हरू आणि सुयोग जातील, आणि असा माणूस या क्लबात आहे याचा मला अभिमान आहे. हरूकाका अवघडून हसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव मला दिसला, आणि तोच मला सहन झाला नाही.

उद्या सोमवार होता. पलीकडच्या शाळेत जाणारी बेचाळीस मुलं साडेसातच्या तरीत असतात. आणि वरच्या अंगाने, म्हणजे जाताना डावीकडून, वाळूचे बार्ज येतात. त्यांना थांबायला अर्धा किलोमीटर लागतो.

मी त्यांना एकटं गाठून सांगू शकले असते. हा विचार मला तेव्हाच आला होता, नंतर सुचलेला नाही. पण एकटं गाठलं असतं तर त्यांनी हात धरला असता, सुयोगने विनवलं असतं, आणि मी गप्प बसले असते. मला माझा भरवसा नव्हता.

कोपऱ्यात शर्यत सुरू करायचा लाल बावटा टेकवून ठेवला होता. अंग पुसायच्या पंचाएवढा मोठा. मी तो उचलला आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"हरूकाका," मी म्हटलं, "मान न वळवता सांगा. माझ्या हातात काय आहे?"

 सुयोग म्हणाला, "शलाका, गप."

"सांगा ना काका."

ते समोर बघत होते. बावटा मी पूर्ण उलगडून धरला होता. सगळ्यांना दिसत होता. राणेसाहेब काहीतरी म्हणायला गेले आणि थांबले.

हरूकाकांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"घड्याळ," ते म्हणाले.

एक बाई "अगो बाई" म्हणाली. तेवढाच आवाज झाला. त्या आवाजाने त्यांना कळलं. त्यांनी हळूच मान वळवली, बावटा बघितला, मग मला बघितलं.

"पहिलं सांगितलंस तिथे थांबली असतीस," ते म्हणाले, "तर काय बिघडलं असतं तुझं?"

मला उत्तर देता आलं असतं. बेचाळीस, हा आकडा माझ्या तोंडात होता. मी बोलले नाही. ते उठले, आणि पायऱ्या उतरताना सुयोगने त्यांच्या डाव्या दंडाला धरलं. पहिल्यांदाच सगळ्यांच्या देखत.

सोमवारपासून तर बंद झाली. दुसरा परवानेवाला मिळेपर्यंत मुलांना आठवडाभर पुलावरून, बावीस किलोमीटरचा वळसा घालून जावं लागलं. जिल्ह्याच्या इस्पितळात काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याची नाकाकडची बाजू गेलेली. औषधाने पुढचं थांबेल, गेलेलं येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणखी सहा महिन्यांनी आला असता तर काहीच राहिलं नसतं, असंही म्हणाले. हे गावात मला बऱ्याच जणांनी येऊन सांगितलं, माझं बरोबर होतं हे पटवायला. सुयोगने एकदाच येऊन दुसरी बाजू सांगितली.

"मी होतो त्याच्या डाव्या अंगाला. रोज. बार्ज दिसला की सांगायचो. मला ताप आला की तर बंद, हे आमचं ठरलं होतं. तीन महिन्यांत माझा परवाना यायचा होता. मग सुकाणू माझ्याकडे येणार होतं आणि कुणाला काही कळलं नसतं. तू तीन महिने थांबली नाहीस."

"त्या तीन महिन्यांत एकदा जरी तू..."

"हो. एकदा जरी," तो म्हणाला. "तेच मीही रोज रात्री मोजायचो. वही नव्हती, एवढंच."

जानेवारीला तो गेला नाही. खेडेकर सर एकटे गेले आणि अकरावे आले.

जुलैमध्ये मला पुण्याला प्रवेश मिळाला. गाडी पलीकडून होती. बाबा ट्रंक घेऊन पुढे, मी मागे, आम्ही धक्क्यावर आलो. सुकाण्यावर सुयोग होता. परवाना काचेच्या चौकटीत लावलेला. हरूकाका पुढे, नाळेपाशी पाटावर बसले होते, पाण्याकडे तोंड करून. बोलत होते, हसत होते. त्या सभेनंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

तर हलली. ट्रंक फळीवर घासल्याचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "कोण चढलं रे?"

"शलाका," सुयोग म्हणाला. "पुण्याला चाललीय. शिकायला."

 उजवीकडे हरूकाकांच्या शेजारी फळीवर जागा होती. बाबांनी मला तिकडे जायची खूण केली.

"तिकडे नको," हरूकाका मान न वळवता म्हणाले. "तिला डाव्या अंगाला बसव. त्या बाजूचं मला दिसत नाय."

मी डाव्या अंगाला जाऊन बसले.